त्रिकोणमितीय नित्यसमानता सिद्ध करताना: आधी कोन पाहावा, मग सूत्र निवडावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या शाळेतून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) उत्तीर्ण होऊन पहिल्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावीच्या, विज्ञान शाखेत गेलेल्या विद्यार्थ्याला गणितात पहिला मोठा अडथळा बहुधा त्रिकोणमितीच्या प्रकरणात लागतो. दहावीत समोर काटकोन त्रिकोण होता आणि कोन ० ते ९० अंशांच्या आत होते. सिद्धतेसाठी साइन²अ + कॉस²अ = १ हे सूत्र आणि त्याची दोन भावंडे पुरत होती. पीयूसीला एनसीईआरटीचे पुस्तक हाती येते, माध्यम इंग्रजी होते, अंशांच्या जागी रेडियन येतात, कोन ऋण असू शकतो, ३६० अंशांहून मोठाही असू शकतो, आणि काही आठवड्यांतच वीस-पंचवीस सूत्रांची यादी वहीत उतरवून घ्यावी लागते. ही यादी पाठ करूनही गणित सुटत नाही, असे सांगणारे विद्यार्थी पुष्कळ भेटतात. त्यांचे पाठांतर कमी पडलेले नसते. समोरच्या उदाहरणात कोणते सूत्र का वापरायचे, हे त्यांना कोणी सावकाश सांगितलेले नसते. ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

या लेखात साइन, कॉस, टॅन ही नावे वर्गात उच्चारली जातात तशीच लिहिली आहेत आणि कोनांसाठी अ, ब ही अक्षरे घेतली आहेत. उदाहरणे अंशांत आहेत. पीयूसीच्या पुस्तकात १८० अंशांच्या जागी पाय रेडियन, ९० च्या जागी पाय भागिले २ आणि ३० च्या जागी पाय भागिले ६ असे दिसेल, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. वहीच्या पहिल्याच पानावर मराठी संज्ञा आणि तिच्यापुढे महाविद्यालयातली इंग्रजी संज्ञा अशी दोन स्तंभांची यादी करून ठेवावी. कोटिकोन, चरण, जीवा, नित्यसमानता या कल्पना दहावीपर्यंत मराठीत पक्क्या झालेल्या असतात आणि नव्या माध्यमात केवळ नाव अनोळखी वाटते म्हणून विद्यार्थी त्या पुन्हा शून्यापासून शिकू लागतो. तो वेळ वाचवता येतो.

सिद्ध करायचे म्हणजे नेमके काय करायचे

साइन अ = १/२ हे समीकरण आहे. ते अ = ३०° असताना खरे ठरते आणि अ = ४५° असताना खोटे. साइन²अ + कॉस²अ = १ ही नित्यसमानता आहे, कारण अ ची कोणतीही किंमत घेतली तरी ती खरी राहते. म्हणून नित्यसमानतेत कोन शोधायचा नसतो. दोन्ही बाजू एकाच राशीची दोन रूपे आहेत, एवढेच दाखवायचे असते.

यातूनच लेखनाची शिस्त ठरते. एक बाजू घ्यावी, बहुधा जी अधिक गुंतागुंतीची आहे ती, आणि तिला पायरीपायरीने दुसऱ्या बाजूच्या रूपात आणावे. जे सिद्ध करायचे आहे तेच पहिल्या ओळीत गृहीत धरून पदे बरोबरच्या चिन्हापलीकडे नेत राहिले, तर शेवटी १ = १ मिळते खरे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. विशेषतः दोन्ही बाजूंचा वर्ग केला की खोटे विधानही खरे भासू शकते. उदाहरणार्थ, √(१ − साइन²अ) = कॉस अ हे विधान घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर ते बरोबर दिसते, पण अ = १२०° घेतल्यास डावी बाजू १/२ येते आणि उजवी −१/२. कच्च्या कामात दोन्ही बाजूंशी हवे तेवढे खेळावे. पक्के लिहिताना मात्र एकाच बाजूने चालावे, किंवा दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सोडवून एकाच राशीपर्यंत आणाव्यात.

पहिली पायरी: एक सूत्र मुळापासून समजून घ्यावे

सूत्रांच्या सगळ्या यादीत मुळाचे सूत्र एकच आहे आणि बाकीची त्यातून निघतात. ते मुळाचे सूत्र कसे आले हे एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहावे, कारण एकदा काढलेले सूत्र परीक्षेत विसरले तरी पुन्हा उभे करता येते.

त्रिज्या १ असलेले वर्तुळ काढा आणि त्याचा केंद्रबिंदू आरंभबिंदूवर ठेवा. क्ष-अक्षापासून अ कोनावर म बिंदू घ्या आणि ब कोनावर न बिंदू घ्या. म चे निर्देशक (कॉस अ, साइन अ) आणि न चे (कॉस ब, साइन ब) आहेत. अंतराच्या सूत्राने म आणि न यांना जोडणाऱ्या जीवेच्या लांबीचा वर्ग असा येतो:

(कॉस अ − कॉस ब)² + (साइन अ − साइन ब)²
= २ − २(कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब)

कंस सोडवताना कॉस²अ + साइन²अ = १ आणि कॉस²ब + साइन²ब = १ यांचा उपयोग झाला, म्हणून सुरुवातीला २ आला. आता संपूर्ण आकृती ब कोनाने मागे फिरवा. न बिंदू (१, ०) वर येईल आणि म बिंदू (कॉस(अ − ब), साइन(अ − ब)) वर. फिरवल्याने जीवेची लांबी बदलत नाही. नव्या जागी तिच्या लांबीचा वर्ग असा आहे:

(कॉस(अ − ब) − १)² + साइन²(अ − ब) = २ − २ कॉस(अ − ब)

दोन्ही राशी एकाच लांबीचा वर्ग असल्याने समान आहेत, म्हणून

कॉस(अ − ब) = कॉस अ · कॉस ब + साइन अ · साइन ब

पाठ्यपुस्तकात हीच कल्पना कॉस(अ + ब) साठी वर्तुळावर चार बिंदू घेऊन मांडलेली आहे. वरची मांडणी समजली की ती वाचायला जड जात नाही.

आता ब च्या जागी −ब घाला. कॉस(−ब) = कॉस ब आणि साइन(−ब) = −साइन ब असल्याने

कॉस(अ + ब) = कॉस अ · कॉस ब − साइन अ · साइन ब

साइनचे सूत्र हवे असेल तर कोटिकोनाची मदत घ्यावी. साइन(अ + ब) म्हणजे कॉस(९०° − अ − ब), म्हणजेच कॉस((९०° − अ) − ब). यावर मुळाचे सूत्र लावले की

साइन(अ + ब) = साइन अ · कॉस ब + कॉस अ · साइन ब
साइन(अ − ब) = साइन अ · कॉस ब − कॉस अ · साइन ब

साइनच्या सूत्रात चिन्ह कोनांमधल्या चिन्हासारखेच राहते, कॉसच्या सूत्रात ते उलटते. साइनच्या सूत्राला कॉसच्या सूत्राने भागून अंश आणि छेद दोन्हींना कॉस अ · कॉस ब ने भागले की टॅनचे सूत्र हाती येते:

टॅन(अ + ब) = (टॅन अ + टॅन ब) / (१ − टॅन अ · टॅन ब)

बेरजेच्या कोनाच्या ज्येचा, म्हणजे साइनचा, हा नियम आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या ज्योत्पत्ति या भागात दिलेला आहे. जे सूत्र आज पीयूसीच्या वर्गात परके वाटते ते या भूमीत साडेआठशे वर्षांहून अधिक काळ वापरात आहे, हे विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

एक चूक इथेच टाळावी. साइन(अ + ब) म्हणजे साइन अ + साइन ब नव्हे. अ = ३०° आणि ब = ६०° घालून पाहा. साइन ९०° = १ आहे, पण साइन ३०° + साइन ६०° ही बेरीज १.३६६ च्या आसपास येते. घाईत कंस असा फोडण्याची सवय बीजगणितातून येते, म्हणून सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक वेळी पूर्ण सूत्र लिहूनच पुढे जावे.

दुसरी पायरी: प्रमाणित कोनांच्या किमती आणि त्यांच्यापासून नवे कोन

०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° यांच्या किमती दहावीत पाठ झालेल्या असतात. त्यांची बेरीज-वजाबाकी करून १५°, ७५°, १०५° यांच्या किमती काढणे हा सूत्राचा पहिला सराव. कॉस १५° हवे असेल तर १५ = ४५ − ३० असे लिहा:

कॉस १५° = कॉस ४५° · कॉस ३०° + साइन ४५° · साइन ३०°
= (१/√२)(√३/२) + (१/√२)(१/२)
= (√३ + १) / (२√२)

उत्तर दशांशात सुमारे ०.९६६ येते. कॉस १५° हे १ च्या अगदी जवळ असले पाहिजे, हे वर्तुळाकडे पाहूनच कळते, म्हणून उत्तर पटण्यासारखे आहे. असा अंदाज घेण्याची सवय फार उपयोगी पडते.

तिसरी पायरी: ९०°, १८०° यांच्या सोबतीचे कोन

साइन(१८०° + अ), कॉस(९०° + अ) अशा राशींसाठी चरणांचे आणि चिन्हांचे नियम शिकवले जातात. ९०° किंवा २७०° सोबत असेल तर साइनचे कॉस आणि कॉसचे साइन होते, १८०° किंवा ३६०° सोबत असेल तर नाव तेच राहते, आणि चिन्ह कोन कोणत्या चरणात पडतो यावरून ठरते. हा नियम चांगला आहे, पण शंका आली तर वरच्या सूत्रांकडे परतावे:

कॉस(९०° + अ) = कॉस ९०° · कॉस अ − साइन ९०° · साइन अ = ० − साइन अ = −साइन अ

एवढ्या एका ओळीत चिन्हाचा प्रश्न मिटतो. आता हे उदाहरण पाहा.

सिद्ध करा: कॉस(९०° + अ) · साइन(१८०° + अ) − साइन(९०° + अ) · कॉस(१८०° − अ) = १

प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे साधा करावा. कॉस(९०° + अ) = −साइन अ, साइन(१८०° + अ) = −साइन अ, साइन(९०° + अ) = कॉस अ, कॉस(१८०° − अ) = −कॉस अ. पहिल्या गुणाकारात दोन ऋण चिन्हे मिळून साइन²अ होते. दुसऱ्या गुणाकाराची किंमत −कॉस²अ आहे आणि त्याच्या आधी वजाबाकीचे चिन्ह आहे, म्हणून + कॉस²अ मिळते. डावी बाजू साइन²अ + कॉस²अ = १ झाली. चारही किमती एकाच ओळीत डोक्यात सोडवण्याचा मोह होतो आणि चिन्ह तिथेच चुकते, म्हणून चार ओळी खर्च कराव्यात.

चौथी पायरी: कोनांकडे पाहण्याची दृष्टी

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. नित्यसमानता समोर आली की विद्यार्थी आधी साइन आहे की कॉस आहे हे पाहतो. माझा आग्रह असा आहे की त्याने आधी कोन पाहावेत. डावीकडे कोणते कोन आहेत, उजवीकडे कोणते आहेत आणि एका बाजूचे कोन दुसऱ्या बाजूच्या कोनांत कसे बदलतील, हे तीन प्रश्न सोडवले की सूत्र आपोआप पुढे येते.

डावीकडे २अ आणि उजवीकडे अ असेल, तर दुप्पट कोनाचे सूत्र लागणार हे उघड आहे. ते बेरजेच्या सूत्रात ब = अ घालून मिळते:

साइन २अ = २ साइन अ · कॉस अ
कॉस २अ = कॉस²अ − साइन²अ = २ कॉस²अ − १ = १ − २ साइन²अ

कॉस २अ ची तीन रूपे आहेत आणि त्यांतले कोणते घ्यायचे हा निर्णय महत्त्वाचा असतो. (१ − कॉस २अ) / साइन २अ = टॅन अ हे सिद्ध करायचे असेल, तर वरच्या १ ला नाहीसा करणारे रूप हवे. कॉस २अ = १ − २ साइन²अ घेतले की अंश २ साइन²अ होतो, छेद २ साइन अ · कॉस अ आहे, आणि साइन अ काटून साइन अ / कॉस अ, म्हणजे टॅन अ उरतो. २ कॉस²अ − १ हे रूप घेणाऱ्याला उत्तर मिळतेच, पण एक वळसा घालावा लागतो. छेद शून्य होऊ नये यासाठी साइन २अ शून्य नसावा, ही अट सिद्धतेत लिहिली तर लेखन निर्दोष होते.

डावीकडे अ + ब आणि अ − ब, उजवीकडे नुसते अ आणि ब असतील तर सरळ विस्तार करावा. साइन(अ + ब) · साइन(अ − ब) = साइन²अ − साइन²ब हे घ्या. विस्तार केल्यावर (क + ख)(क − ख) हा आकार दिसतो:

(साइन अ · कॉस ब)² − (कॉस अ · साइन ब)²
= साइन²अ(१ − साइन²ब) − (१ − साइन²अ)साइन²ब
= साइन²अ − साइन²ब

दुसऱ्या ओळीत कॉस²ब आणि कॉस²अ का बदलले? उजव्या बाजूला फक्त साइन आहे म्हणून. कोन जुळल्यानंतर गुणोत्तरे जुळवायची, हा क्रम इथे स्पष्ट दिसतो.

अनेक कोनांची बेरीज दिलेली असेल तेव्हा काम वेगळे असते. बेरजेचे गुणाकारात रूपांतर करावे लागते, त्यासाठी ही सूत्रे:

साइन च + साइन छ = २ साइन((च + छ)/२) · कॉस((च − छ)/२)
साइन च − साइन छ = २ कॉस((च + छ)/२) · साइन((च − छ)/२)
कॉस च + कॉस छ = २ कॉस((च + छ)/२) · कॉस((च − छ)/२)
कॉस च − कॉस छ = −२ साइन((च + छ)/२) · साइन((च − छ)/२)

साइन(प + फ) आणि साइन(प − फ) यांची बेरीज करून प + फ = च आणि प − फ = छ मानले की पहिले सूत्र निघते. बाकीचीही तशीच निघतात. चौथ्यातले ऋण चिन्ह विसरल्याने सर्वाधिक गुण जातात.

सिद्ध करा: (साइन अ + साइन ३अ + साइन ५अ) / (कॉस अ + कॉस ३अ + कॉस ५अ) = टॅन ३अ

उजवीकडे ३अ आहे. तीन पदांपैकी कोणती दोन घेतली तर सरासरी ३अ येईल? अ आणि ५अ. म्हणून मधले पद बाजूला ठेवून पहिले आणि तिसरे एकत्र घ्यावे:

साइन ५अ + साइन अ = २ साइन ३अ · कॉस २अ
कॉस ५अ + कॉस अ = २ कॉस ३अ · कॉस २अ

आता अंश साइन ३अ(२ कॉस २अ + १) होतो आणि छेद कॉस ३अ(२ कॉस २अ + १) होतो. सामाईक कंस काटला की टॅन ३अ. कोणी अ आणि ३अ यांची जोडी लावली, तर २अ आणि अ असे कोन येतील, उजव्या बाजूशी त्यांचा मेळ बसणार नाही आणि विद्यार्थी अर्ध्या पानावर अडकेल. जोडी ठरवण्यात गेलेला अर्धा मिनिट पुढची दहा मिनिटे वाचवतो.

टॅनच्या उदाहरणांत कोनांमधला संबंध आणखी ठळक असतो. टॅन ३अ − टॅन २अ − टॅन अ = टॅन ३अ · टॅन २अ · टॅन अ हे पाहून घाबरण्याचे कारण नाही. ३अ = २अ + अ एवढे लिहा, टॅनचे सूत्र लावा, छेदाने तिरकस गुणाकार करा. टॅन ३अ(१ − टॅन २अ · टॅन अ) = टॅन २अ + टॅन अ येईल, आणि पदे इकडची तिकडे केली की हवे ते मिळेल. इथे ज्ञात सूत्रापासून निघून अपेक्षित विधानापर्यंत आलो आहोत, म्हणून पदे हलवण्यात दोष नाही.

याच वाटेने टॅन ५०° = टॅन ४०° + २ टॅन १०° हेही सुटते. ५० = ४० + १० लिहिल्यावर

टॅन ५०° − टॅन ५०° · टॅन ४०° · टॅन १०° = टॅन ४०° + टॅन १०°

५०° आणि ४०° हे कोटिकोन आहेत, त्यामुळे टॅन ५०° · टॅन ४०° = १. डावी बाजू टॅन ५०° − टॅन १०° उरते आणि सिद्धता पूर्ण होते. दहावीतला कोटिकोनाचा नियम इथे असा कामी येतो.

अडले तर काय करावे

कोन जुळत नाहीत असे वाटले तर उदाहरणात अ = ३०° किंवा ४५° घालून दोन्ही बाजूंची किंमत काढावी. किमती वेगळ्या आल्या तर उदाहरण उतरवताना चूक झाली आहे, आणि शिकवणीत फळ्यावरून घाईने उतरवलेल्या उदाहरणांत हे वारंवार घडते. किमती सारख्या आल्या तर विधान सिद्ध झाले असे मात्र समजू नये. एका कोनाने नित्यसमानता खोटी ठरू शकते, खरी ठरू शकत नाही. गणकयंत्र वापरत असाल तर ते अंशांवर आहे की रेडियनवर, हे आधी पाहावे. रेडियनवर ठेवलेल्या यंत्रात साइन ३० ची किंमत ऋण येते आणि विद्यार्थी विनाकारण सूत्रावर संशय घेतो.

शेवटी, गुणाकाराच्या उदाहरणांसाठी एक युक्ती. कॉस २०° · कॉस ४०° · कॉस ८०° = १/८ यात प्रत्येक कोन आधीच्याच्या दुप्पट आहे. दुप्पट कोनाचे साइनचे सूत्र साखळीसारखे चालवता येईल, फक्त सुरुवातीला साइन २०° हवा. म्हणून ८ साइन २०° ने गुणावे:

८ साइन २०° · कॉस २०° · कॉस ४०° · कॉस ८०°
= ४ साइन ४०° · कॉस ४०° · कॉस ८०°
= २ साइन ८०° · कॉस ८०°
= साइन १६०°
= साइन २०°

साइन २०° शून्य नाही, म्हणून दोन्हीकडून भागता येते आणि मूळ गुणाकार १/८ ठरतो. आता साइन १०° · साइन ५०° · साइन ७०° = १/८ हे स्वतः करून पाहावे. तीनही कोनांचे कोटिकोन लिहिले की पुढे नवे काही करावे लागत नाही.